सुमनचं बोलणं तापतं तेव्हा

९ एप्रिल २००८

आज पुन्हा मधेच बंद. सुमन मला दुधाच्या भांड्यावरून बोलत होती, म्हणजे टाइप करत होती. "तुम्हाला एक काम सांगितलं की" इथवर आली आणि स्क्रीन काळा. पुढचं मला पाठ आहे, लग्नाला एकोणतीस वर्षं झाली. पण तिला ते पुरं करायचं होतं. पाटी घेतली, दोन शब्द लिहिले, पाटी आपटली आणि आत गेली.

गळ्याच्या ऑपरेशनला पावणेदोन वर्षं झाली. आवाज गेला तो गेलाच. पाटीवर लिहिण्यात तिला कमीपणा वाटतो. जुन्नरच्या निम्म्या कारकुनांना मराठी टायपिंग शिकवलेली बाई ही. पुतण्याने गणपतीत त्याचा जुना लॅपटॉप दिला, तेव्हापासून पुन्हा बोलायला लागली. भांडायलाही. खरं सांगायचं तर मला भांडणाचाच आनंद जास्त झाला.

१२ एप्रिल

घड्याळ लावून बघितलं. सुरू व्हायला सात मिनिटं, लिहायची खिडकी उघडायला आणखी तीन. तोवर विषय शिळा. आणि वीस-पंचवीस मिनिटांत तापून आपोआप बंद. सु.च्या स्वभावाला दोन्ही मानवत नाही.

लेक माधुरी म्हणाली, "नाना, तुमी एवढे ॲम्प्लिफायर खोलता, मग हे का नाय खोलत?"

पोरीला काय सांगू. रेडिओ-टीव्ही उघडण्यात जन्म गेला, पण ॲम्प्लिफायर बिघडला तर गिऱ्हाईक ओरडतं, एवढंच. हे बिघडलं तर सु.चा आवाज दुसऱ्यांदा जाईल, आणि या खेपेला माझ्या हातून.

१७ एप्रिल

येडगावहून निरोप. ४ मेला माधुरीच्या लग्नाची बैठक, आपल्याकडेच. सचिन, म्हणजे नवरामुलगा, माधुरी नोकरीला आहे त्या लॅबमध्ये सामान पोचवायला येतो. दोघांचं आपसात ठरलेलं आहे आणि माधुरीचा जीव अगदी टांगणीला लागलाय. त्याला वडील नाहीत. घरात आईचा शब्द चालतो आणि त्या बाई शब्दाच्या कडक आहेत म्हणे.

सु.ने लगेच टाइप केलं, "बैठकीत मी बोलणार. तुम्ही फक्त वाचायचं."

वाचायचं. इथे एक कबूल करून ठेवतो, वही माझीच आहे. बाहेरचं कोणी असलं की ती टाइप करते आणि मी मोठ्याने वाचतो, आणि वाचताना जरा मऊ करतो. दिवाळीत थोरल्या मेव्हण्यांना तिने लिहिलं होतं, "आमच्या घरात नाक खुपसू नका." मी वाचलं, "दाजी, तुम्ही आमची उगाच काळजी करू नका." दाजी खूश. सु. ऐकत असते, ऐकू तिला खणखणीत येतं. पण काही म्हणत नाही. तिचीही सोयच होत असावी.

तरी एवढं खरं की ४ मेला मशीन मधेच मिटली तर तिच्याच मुलीच्या बैठकीत ती मुकी बसणार. ते मला बघवणार नाही. तेव्हा उघडायचं.

२० एप्रिल

उघडलं. दुकान बंद ठेवून सकाळी, ओसरीत, उजेडाला. स्क्रू मुखवासाच्या डब्याच्या कप्प्यांत, कुठले कुठले ते चिठ्ठी लावून. सु. समोर पाट घेऊन बसली, डॉक्टरवर नजर ठेवल्यासारखी.

पंख्याचं झाकण काढलं आणि मी बघतच राहिलो. आतून लालभडक! हवा जायची जाळी धुळीने आणि कुंकवाने लिंपून गेलेली, आणि पंख्याच्या दोन पात्यांमध्ये एक अक्षत अडकलेली. पिवळी, अख्खी.

दसऱ्याला मी दुकानात हत्यारं पुजतो, सोल्डरिंग आयर्न, मीटर, सगळं. घरची पूजा सु.कडे. तिने लॅपटॉप पुजला होता. तोही उघडून, बटणांवर हळदकुंकू, वर मूठभर अक्षता, आणि हवेच्या भोकांत झेंडूच्या पाकळ्या.

"अगं, येवढं कुकू तर तू आपल्या लग्नात बी लावलं नव्हतं," मी म्हणालो.

ती हसली नाही. पाटी ओढली, जी ती कधी ओढत नाही, आणि लिहिलं: "माझा आवाज आहे तो. मी नाही पुजायचा तर कोणी?"

मी चिमट्याने अक्षत काढली, दाढीच्या ब्रशने जाळी साफ केली. जाळी साफ होईस्तोवर डोळे दोनदा पुसावे लागले. कुंकू डोळ्यांत गेलं असं तिला सांगितलं.

२१ एप्रिल

पंख्याखाली जी चिप तापते तिच्यावरची पेस्ट वाळून खपली झालेली. नवी कुठून आणायची म्हणून पुतण्याला फोन केला. तो म्हणाला, "काका, ती खास मिळते, पुण्यातच." खास कसली! मोठ्या ॲम्प्लिफायरच्या ट्रान्झिस्टरखाली उष्णता ओढायला जी पांढरी पेस्ट आम्ही वीस वर्षं लावतोय, तीच. माझ्या खणात तिचा अर्धा डबा पडून. तांदळाच्या दाण्याएवढी लावली आणि वरची तांब्याची पट्टी दाबून बसवली.

पुतण्यासमोर मान ताठ झाली, हे लिहायला हरकत नाही.

२४ एप्रिल

मेमरीसाठी पुण्याला, बुधवार पेठेत. दुकानदाराने विचारलं, कोणती? मी ऐटीत म्हणालो, जास्तीची. घरी येऊन बघतो तर पट्टीची खाच एका बाजूला, आपल्या खोबणीची दुसऱ्या बाजूला. जोर केला असता तर बसली असती आणि सगळंच बसलं असतं.

सु.ने माझ्याकडे बघून फक्त कपाळावर हात मारला. त्याला लॅपटॉप लागत नाही.

२६ एप्रिल

जुनी पट्टी खिशात घालून पुन्हा पुणे. या खेपेला नेमकी मिळाली. खाली झाकण काढून तिरकी घातली, दाबली, टक् आवाज. दीड मिनिटात सुरू! लिहायची खिडकी डोळ्यादेखत उघडली.

तिचं पहिलं वाक्य: "आता नऊ तारखेचं ऐका. तुम्हाला एक काम सांगितलं की"

सगळं ऐकलं. पाऊण पान.

३० एप्रिल

मांडीवरच्या गोधडीवर ठेवून टाइप करायची सवय मोडली. गोधडीने खालची हवा अडते. पाटाला भोकं पाडून वर जाळी ठोकली, खाली जुन्या कॉम्प्युटरचा पंखा. आज उन्हात दोन तास चालवलं, हाताला कोमट. दुकानातला इन्व्हर्टर घरी आणून ठेवलाय, कारण भारनियमन नेमकं बैठकीच्या वेळेत.

माधुरी पाटाला हात लावून म्हणाली, "नाना, तुमी लई भारी." मग आईच्या गळ्यात पडली. सु. तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

४ मे

झाली बैठक. कशी झाली ते नीट लिहितो.

सचिन, त्याची आई, मामा, तिघंच. सु. पाटामागे बसली, मी तिच्या शेजारी वाचायला. विचारपूस, पीकपाणी, धरणाचं पाणी. तासभर सु. बोलली, मी वाचलं, थोडं मऊ केलं, मशीन काही तापली नाही. सचिनची आई तिच्याकडे कौतुकाने बघत होती.

मग लाइट गेली. मशीनची बॅटरी पाच-दहा मिनिटंच पुरते. मी उठून आत गेलो, इन्व्हर्टरची वायर निघाली होती ती लावायला. तेवढ्यात सचिनच्या आईने विचारलेलं मला आतून ऐकू आलं, "लग्नानंतर पोरीच्या नवकरीचं काय म्हंता?" बटणांचा आवाज. आणि मग मामा म्हणाले, "पावणं येऊ द्या वाचाया." त्यावर बाई, "ऱ्हाऊ द्या त्यांना. मला येतंय की. साक्षरतेच्या वर्गाला गेल्याली हाय मी."

वायर हातात तशीच. बाई एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचत होत्या:

"माधुरी नोकरी सोडणार नाही. तुमच्या मुलाला आयतं ताट लागत असेल तर त्याला खानावळ लावून द्या. सून कशाला शोधता?"

बाहेर आलो. मामांनी बशी खाली ठेवली. सचिन पायांकडे बघतोय. माधुरी दारात, रंग उडालेला. बाईंनी ते मनातल्या मनात पुन्हा एकदा वाचलं, ओठ हलताना दिसले. "आसं व्हय," एवढंच म्हणाल्या. पाणी प्यायल्या. जाताना म्हणाल्या, "कळवतो, पावणं."

५ मे

फोन नाही. माधुरी न जेवता लॅबला गेली.

७ मे

फोन नाही. दुपारी सु.ला सांगून टाकलं, की आजवर तुझं बोलणं मी मऊ करून वाचत आलो, आणि त्या दिवशी मी जागेवर हवा होतो.

तिने टाइप केलं, "माहीत आहे. तुम्ही निम्मं पातळ करता, म्हणून मी दुप्पट तिखट लिहिते. त्या दिवशी तुम्ही उठलात आणि माझ्या बोटांना कळलंच नाही. मला एवढंच म्हणायचं होतं की तिची नोकरी राहू द्या."

मला हसूही येईना आणि रडूही. आठ महिने आम्ही दोघं मिळून हा उद्योग करत होतो, एकमेकांना न सांगता. माझीच चूक. तिचं बोलणं पातळ करायला मला कोणी सांगितलं होतं?

संध्याकाळपर्यंत ती टाइप करत होती, न थांबता. मशीन एकदाही मिटली नाही. पुतण्याच्या ओळखीच्या दुकानात छापून आणलं, दीड पान. उद्या येडगावला जाऊन बाईंना मी ते वाचून दाखवायचं, एक शब्द न बदलता. तशी शपथ घातलीय.

"किती तिखट हाय?" मी विचारलं.

"मनात आहे तेवढंच."

सराव म्हणून ओसरीत मोठ्याने वाचायला बसलो. नोकरीचं नीट वाचलं, माफीचंही नीट वाचलं. शेवटी लिहिलंय, "माझा आवाज गेला. माझ्या मुलीला सासरी तिचा आवाज गिळावा लागू नये, एवढीच भीती आहे. म्हणून तसं बोलले."

तीनदा प्रयत्न केला. हे वाक्य काही माझ्याच्याने मोठ्याने वाचवत नाही. सकाळी साडेनऊची एसटी आहे.