आडवं सूत तुझं

माय,

आज दुपारी भंडाऱ्याच्या माझ्या घरी एक बाई कोशाची साडी बघायला आली. पदर उलटापालटा करून तिनं पहिलंच विचारलं, "यात चायनाचं सूत नाही ना? आम्ही त्यांचं काही घेत नाही." तिच्या हातातला मोबाइल कुठला, हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं, पण गिळलं. "उभ्या ताण्यात आहे," मी खरं ते सांगितलं. तिनं साडी अशी खाली ठेवली की जणू तिला वास येत होता. ती गेल्यापासून मी मनातल्या मनात तुझ्याशीच बोलते आहे, म्हणून शेवटी कागद घेतला.

तुझी ती मधली खोली आठवते. चुलीवर राखेच्या पाण्यात रेशमाचे कोसे शिजताहेत, त्यांचा तो उग्र वास घरभर, आणि तुम्ही चार-पाच बाया भिंतीला टेकून बसला आहात. लुगडं मांडीपर्यंत वर, चार-पाच कोशांचे तंतू एकत्र धरून डाव्या मांडीवर वळायचे आणि उजव्या हातानं फिरकीवर गुंडाळायचे. दार लोटलेलं असे. पुरुषांनी आत यायचं नाही, हा नियम. बाबांना काही हवं असलं तर ते स्वतःच्याच घरात बाहेरून खोकत, आणि तुम्ही सगळ्या फिदीफिदी हसत लुगडी सारखी करायच्या. मला मात्र मुभा होती. तुझ्या मांडीवर तळहाताएवढा काळा, टणक घट्टा होता. पावसाळ्यात तो सोलून निघायचा आणि तू तेल लावून पुन्हा बसायचीस. मी मोठी झाले की माझीही मांडी अशीच होणार, या विचारानं मी परकर घोट्यापर्यंत ओढून घ्यायची.

मग आपला जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला. कोसे यायचे ते जंगल गोंदियाकडे गेलं आणि बाबांचा माग भंडाऱ्यातच राहिला. तू म्हणालीस, "झाडं काय कागद वाचतेत?" पण कोसे खरोखरच कमी येऊ लागले, आणि त्याच सुमारास एके दिवशी बाबा बाजारातून चिनी सुताच्या लडी घेऊन आले. पांढरंशुभ्र सूत, कुठे गाठ नाही, कुठे जाडंभरडं नाही. तू हात लावला नाहीस.

"काहून आनलं हे?"

"दिवसभर तुटलेला तानाच सांधत बसतो मी. हे तुटत नाही."

"चीनच्या लढाईत माह्या मायनं फौजेसाठी हातचे चांदीचे गोट काढून देल्ले होते. मी डोळ्यानं पाह्यलं. अन् आता त्याइचंच सूत माह्या घरात?"

बाबांनी लडी उंबऱ्यावरच ठेवल्या. बोलली ती विहाराजवळची काकू, तुझ्याबरोबर सूत काढणारी. "आमचा बुद्ध तिकडं गेला, तवा त्याइनं काय देल्लं होतं? आता सूत धाडलं म्हना, वहिनी." सगळ्या हसल्या. तू हसली नाहीस. हसण्यासारखं नव्हतंच, कारण ते सूत मागावर चढलं की ही खोली रिकामी होणार, हे तुला सगळ्यांच्या आधी कळलं होतं.

दोन दिवस तू बाबांशी बोलली नाहीस. तिसऱ्या दिवशी दोघांचं ठरलं. उभा ताणा चिनी सुताचा, आडवं सूत तुझं. "माह्याबिगर कापड होऊ देनार नाही," एवढंच म्हणालीस. आणि मग तुझ्याकडून ती गंमत झाली. ताणा आणि आडवा बाणा एकाच भांड्यात रंगवायचा, ही आपली रीत. नाहीतर रंगात फरक पडतो. तू दोन्ही सुतं पळसाच्या फुलांच्या एकाच पाण्यात सोडलीस. चिनी सूत निघालं लखलखीत पिवळं आणि तुझं निघालं मधासारखं, काळपट. विणल्यावर साडी इकडून एक दिसे, तिकडून दुसरी. व्यापाऱ्यानं नाक मुरडून ती परत केली. बाबा चिडले, तर तू म्हणालीस, "दोन देशचं हाय, पह्यल्याच पान्यात एक कसं होईन?" माझ्या लग्नात मी तीच नेसले.

पण व्हायचं ते झालं. पुढे आडवं सूतही बाजारातून येऊ लागलं. बाया एकेक करून धानाच्या रोवणीला, नाहीतर विड्या वळायला गेल्या. खोलीचं दार सताड उघडं राहू लागलं आणि बाबांचं खोकणं थांबलं. तू एकटीच कधीमधी फिरकी घेऊन बसायचीस. एकदा चिनी लड बोटांवर खेळवत मला विचारलंस, "तिकडच्या बायाइच्या मांड्या सोलत असतीन काय वो?" यंत्रावर काढतात, मी सांगितलं. तू लड गुंडाळून कोनाड्यात ठेवलीस. मग म्हणालीस, "बरं हाय मंग त्याइचं."

काही वर्षांपूर्वी चीनच्या सीमेवर आपले जवान मारले गेले. तेव्हा आपल्या चौकात पोरांनी चिनी खेळणी जाळली. मलाही फार वाईट वाटलं होतं, रडलेही. पण त्या धुरामागच्या प्रत्येक घरात मागावर त्यांचाच ताणा होता, आणि तो कापून टाका असं कुणीच म्हणालं नाही. तू असतीस तर पोरांना काय म्हणाली असतीस? मला खरंच अंदाज येत नाही. तुझा रागही खरा होता आणि तो मांड्यांचा प्रश्नही.

लोकांसमोर मीही त्या सुताला नावं ठेवते. आपल्या बायांच्या हातचं काम गेलं, खोली गेली, म्हणते. ते खोटं नाही. पण हा कागद कुठे जाणार नाही, दोन रंगांच्या साडीच्या घडीत राहणार आहे, म्हणून लिहिते. शेवटच्या दुखण्यात मी तुला न्हाऊ घालत होते. डाव्या मांडीवरून हात फिरवताना मी तो घट्टा शोधला. नव्हता. कातडी मऊ होती, दुसऱ्या कुणाही बाईसारखी. मला इतका आनंद झाला, माय, की मी मनातल्या मनात त्या तिकडच्या बायांचे आभार मानले. तू डोळे उघडून विचारलंस, "काय पाहून राहिली बाई?"

"काही नाही," मी म्हणाले आणि पाणी ओतलं.