चमचाभर पाणी

थोरल्या जाऊबाईंना,

ताई, छोटू नर्सरीत जायला लागल्यापासून सारखा आजारी पडतोय. सर्दी हटते तोच ताप येतो, ताप उतरला की पोट बिघडतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “पहिलं वर्ष असंच जातं. पाणी पाजत राहा.” मी पाजते, पण तो चमचा ढकलतो. तुमच्या हातून मुकाट प्यायचा.

दोघा भावांचं बिनसलं आणि घरं वेगळी झाली. आपल्या दोघींना कुणी विचारलंच नाही.

काल दुपारी त्याला उलटी झाली. मी त्याला पुसून मांडीवर घेतलं, तर म्हणाला, “मोठीआई कुठंय?” मी म्हटलं, “कामात आहे.” मग तुम्ही फिरवायचात तशी त्याच्या पोटावर बोटं फिरवली आणि तुमच्यासारखंच “पळ रे पोटदुख्या” म्हणत राहिले. त्याने चमचाभर पाणी घेतलं आणि तो झोपला. रडू मलाच फुटलं.

हे पत्र मी पाठवणार नाही. पाठवलं तर तुम्ही हातातलं काम टाकून याल, आणि परतल्यावर भाऊजींची बोलणी खाल. खरं म्हणजे, एकदा आलात की मीच तुम्हाला परत जाऊ देणार नाही.

तुमची,
धाकटी