रांगेतला शेवटचा लांडगा

डोंबिवली (पूर्व),
४ नोव्हेंबर २०२५

ती. विनीतराव यांस,
सा. न. वि. वि.

'आपला कळप' या आपल्या कौटुंबिक ग्रुपमधून मला काढून टाकल्याचं काल समजलं. कळपप्रमुखांच्या निर्णयाचा आदर आहे. म्हणून हे पत्र. पोस्टातून अजून कुणाला काढता येत नाही.

माझा अपराध एवढाच, की तुम्ही टाकलेल्या बर्फातल्या लांडग्यांच्या फोटोखालची ओळ मी दुरुस्त केली. म्हणे पुढे म्हातारे-आजारी चालतात आणि सर्वांत मागे नेता, कुणी सुटू नये म्हणून. अहो, बर्फात पुढचा वाट तुडवतो, बाकीचे त्याच्या पावलात पाऊल टाकतात, दम वाचतो. पुढे बहुधा आई किंवा बापच असतो. मागचा मागे असतो, इतकंच. आणि तुमचा तो 'अल्फा'! तो सापडला पिंजऱ्यात. ओळखपाळख नसलेले लांडगे एकत्र कोंडले, ते भांडले, वरचढ ठरला तो अल्फा. तुमच्या सोसायटीची वार्षिक सभा बघून मराठी कुटुंबाचा अभ्यास करावा, तसं. ज्या शास्त्रज्ञाने तो शब्द गाजवला, त्यानेच पुढे मागे घेतला. रानातला कळप म्हणजे आई, बाप आणि त्यांची पोरं. संपलं.

सुमतीताईला नमस्कार. लोभ असावा, निदान टपालापुरता.

आपला,
हरिहर


घोडबंदर रोड, ठाणे,
९ नोव्हेंबर

चि. हरिहरपंत यांस,
अ. उ. आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर सुंदर, मजकूर नेहमीचा. दर थंडीत सासवडकडच्या माळावर लांडगे बघत दुर्बीण घेऊन बसणाऱ्या माणसाला बर्फातलं इतकं कसं कळतं, असं मी सुमतीला विचारलं. ती अभिमानाने म्हणाली, आमचा हरी कॉलेजात न जाता सगळं स्वतःच शिकलाय. मी म्हटलं, ते दिसतंच. कॉलेजात गेलेला माणूस कधीतरी गप्प बसायलाही शिकतो.

आता खरं बोलू. सुश्रुत आणि कादंबरी वेगळं बिऱ्हाड करतायत. कुठे, तर डोंबिवलीत, तुझ्याच गल्लीत! कादंबरीची शाळा तिकडे, रोजच्या जाण्या-येण्यात सूनबाईंचा जीव निघतो, मान्य. पण तीन खोल्यांचं घर असताना एकुलता एक मुलगा भाड्याच्या जागेत राहणार, आणि सख्खा मामा त्याला दलाल गाठून देणार? तीस तारखेला सामान हलतंय. नव्या घरात दूध उतू घालायला मी येणार नाही, असं सुश्रुतला तोंडावर सांगितलंय. सुमती म्हणते, ती जाणार. झालास खूश? फुटला कळप.

लोभ आहेच. तो कृपा करून दुरुस्त करू नये.

तुझा,
विनीत


डोंबिवली (पूर्व),
१४ नोव्हेंबर

ती. विनीतराव यांस,
सा. न. वि. वि.

जागा मीच दाखवली. दुसरा मजला, खिडकी पूर्वेला, पाणी दोन्ही वेळ, न्हाणीघराची कडी सैल होती ती मी बसवून दिली. दलाल मात्र नव्हता. एवढी दुरुस्ती नोंदवून घ्या.

कळप फुटलेला नाही. लांडग्याची पोरं एक ते तीन वर्षांची झाली की घर सोडतात. जोडीदार शोधतात, स्वतःचा मुलूख शोधतात. असाच तर नवा कळप होतो. बाप काही दारात आडवा पडत नाही, की रुसून फोटो टाकत नाही. सुश्रुत एकोणतीस वर्षांचा आहे. लांडगा असता, तर एव्हाना त्याच्या पणतवंडांनीही बिऱ्हाडं केली असती.

तीसला या. दुधाला वरिष्ठ माणूस लागतं.

आपला,
हरिहर


ठाणे,
२० नोव्हेंबर

चि. हरिहर यास,
आशीर्वाद.

सुश्रुतचं कपाट रिकामं करताना तू त्याला मुंजीत दिलेलं लांडग्यांचं पुस्तक मिळालं. त्याने ते न्यायच्या ढिगात ठेवलं होतं, मी काढून घेतलं. वाचलं. सोयीचं तेवढंच सांगतोस की रे! सगळी पोरं जात नाहीत, असं चक्क छापलंय. काही आईबापांपाशीच थांबतात, धाकट्या भावंडांना वाढवतात. आणि जी जातात, त्यांतली बरीच मरतात. अनोळखी रान, परके कळप, रस्त्यावरच्या गाड्या. हे तुझ्या पत्रात कुठे होतं, तज्ज्ञ?

सुमतीने मला विचारलं, मोठा कुकर त्यांना देऊ का. मी म्हटलं, मला काय विचारतेस, मी पिंजऱ्यातला.

येणार नाही म्हणजे नाही. फक्त एक सांग. निघून गेलेल्याची खबर मागच्यांना लागते कशी? पुस्तकात ते सापडलं नाही.

विनीत


डोंबिवली (पूर्व),
१ डिसेंबर

ती. विनीतराव यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं बरोबर आहे. जाणाऱ्यांतली बरीच मरतात. ते मी लिहायला हवं होतं. लिहिलं असतं, तर तुम्ही त्याला सोडलंच नसतं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: कळपातला कुणी दुरावला की लांडगे गळा काढतात. आवाज मैलोन्‌मैल जातो. पलीकडचा ऐकण्याच्या टप्प्यात असेल तर उत्तर देतो. फार लांब गेला, तर खबर लागत नाही. तुमचा डोंबिवलीला गेलाय.

काल मी गॅलरीत उभा होतो. आधी स्कूटरवर सुश्रुत आणि कादंबरी, मग टेंपो, ड्रायव्हरशेजारी मांडीवर कुकर घेऊन ताई. आणि त्यामागे तुमची करडी गाडी. गल्लीच्या तोंडाशी तुम्ही हॉर्न दिलात. सुश्रुतने वळून हात वर केला.

वर येऊन तुम्ही जाहीर केलंत, की कुकरची शिट्टी घरी राहिली म्हणून यावं लागलं. शिट्टी कुकरवरच होती, मी पाहिली. दूध उतू जाईपर्यंत थांबलात, डोळे पुसलेत, वाफ लागली म्हणालात, आणि माझ्याशी एक शब्द न बोलता निघून गेलात.

फोटोखालची ती ओळ लांडग्यांच्या बाबतीत साफ चूक आहे. दुरुस्ती मी मागे घेत नाही. पण टेंपोवाला सांगत होता, घोडबंदरपासून शीळफाट्यापर्यंत गाडी मागेच होती. मधे रिक्षा घुसल्या, डंपर घुसले. तरी पुढे काढली नाही.

लोभ आहे, हे कळलं. असाच असू द्या.

आपला,
हरिहर

ता. क. फोटो ग्रुपवर पुन्हा टाका, ओळीसकट. मी तिथे नाहीच. दुरुस्त करणार कोण?