डिटेन्यूची कार्बन प्रत

बाबा, तुमची पत्र्याची पेटी सोमवारी उघडली. नऊ वर्षं ती पलंगाखाली पडून होती अन् मी खंडवा, भोपाळ, मग चार महिने एका ट्रकवर, ते जाऊ द्या. तुम्ही टाइप केलेल्या प्रत्येक अर्जाची कार्बन प्रत आहे तिच्यात. मी फक्त समोरच्या काकूंची शोधली.

अजून दिसतं, कोर्टाबाहेर लिंबाखाली तुम्ही टाइपरायटरवर बोटं ठेवून मला सांगताय, "बघ भिया, सजा झाली तो प्रिझनर. केस चालू आहे तो अंडरट्रायल. अन् काहीच साबित न करता, पुढे काही करेल म्हणून कोंडला, तो डिटेन्यू. तिघं एकाच जेलात, पण कागदावर वेगळे बसवायचे." माझं लक्ष कचोरीच्या कढईकडे.

मग समोरच्या काकूंच्या मुलाला कलेक्टरच्या हुकमावर उचललं. सुटकेचा अर्ज तुम्ही टाइप केला आणि तो परत आला. मुलाला जागोजागी प्रिझनर म्हटलं होतं, जणू गुन्हा साबितच झालाय. वकील म्हणाला, टायपिस्टची चूक. नवा अर्ज होईस्तोवर मुलगा अजून दोन महिने आत.

तुमची चूक? तुम्ही तर लोकांच्या लग्नपत्रिकाही पेन घेऊन वाचायचात. आणि आदल्याच आठवड्यात स्कूटर लावण्यावरून त्याच मुलाशी तुमचं वाजलेलं. मी विचारलं तर, "बरोबर लिहिलं होतं," म्हणालात अन् पुन्हा भात कालवायला लागलात. मला तो भात कालवणंसुद्धा खटकलं.

प्रतीवर सगळीकडे डिटेन्यू आहे. नंतर बदलून ठेवली असेल, म्हणून मी ती उन्हात धरून पाहिली. पण खाली निळ्या शाईत काकूंची वाकडी सही आहे. अर्ज वाचून दाखवल्यावर तुम्ही प्रत्येकाची घ्यायचात तशी. मतलब प्रत तेव्हाचीच, अन् तो चुकीचा अर्ज वकिलानेच पुढे दुसरीकडून टाइप करवला असणार.

काकू आता जुनी इंदूर भागात राहतात. प्रत घेऊन त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत दोनदा गेलो, परत फिरलो. हे पत्र पेटीतच ठेवतोय.

त्या तुमच्याशी पुन्हा बोलल्या नाहीत, तेराव्यालाही आल्या नाहीत. तुम्हाला वाटायचं, वकिलाने कान भरले. बाबा, तुम्ही मुद्दाम केलं असं त्यांना मी सांगितलं होतं.