परात आणि भट्टी रिताच्या नावे

मी, गोदावरीबाई तुलाराम लांजेवार, वय सदुसष्ट, राहणार अड्याळ, तालुका पवनी, जिल्हा भंडारा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहिते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण ते ठिकाणावर नव्हते असे सांगायला माझे दीर ताराचंद सगळ्यात आधी उभे राहतील.

१. घर. माझे दोन खोल्यांचे घर आणि मागची सांदवाडी, म्हणजे परसातली मोकळी जागा, वडिलोपार्जित नाही. तीस वर्षे लग्नाघरी लांब रोट्या टाकून मी ते बांधले. सैल कणीक परातीत आपटायची, कोपरापर्यंत हातावर लांबवायची आणि उपड्या मडक्यावर टाकायची. माझ्याइतकी पातळ रोटी आसपासच्या गावांत कोणाची नव्हती, हे मीच लिहून ठेवते. हे घर मी माझी विधवा सून रिता हिला देते. ताराचंद यांचा त्यावर काडीचाही हक्क नाही.

२. पितळेची मोठी परात. माझे पती वारले त्या वर्षी ताराचंद यांच्या मुलीचे लग्न होते. मी परात घेऊन गेले, तर ते मांडवाच्या दारातच म्हणाले, "वहिनी, तुमचा हात आता लग्नाच्या कणकेले चालत नाही. घरी बसा." त्यांचे पाहून गावानेही बोलावणे बंद केले. पुढे माझा मुलगा गेला, तेव्हा रितालाही त्यांनी हेच ऐकवले. मी हे माफ केलेले नाही आणि करणारही नाही. परात रिताची.

३. भट्टी. घरी बसून मी काय करणार? रिताची मुलगी दामिनी हिने मोबाइलवर पाहून पिझ्झ्याचा मैदा भिजवायला सांगितले. मैदा, कोमट पाणी, चिमूटभर साखर, खमीर, मीठ, तेल. मी तो सवयीने आपटला आणि झाकून ठेवला. तासाभराने पाहते तर दुप्पट. मला वाटले बिघडला, म्हणून उकिरड्यावर टाकला. दामिनी शाळेतून आली आणि म्हणाली, "आजी, फेकलं काहून? खराब नाही झालं, फुगून राहिलं होतं." जाऊन पाहिले तर तो तिथेही फुगतच होता आणि कोंबड्या लांबून बघत होत्या. पती गेल्यानंतर मी पहिल्यांदा तेव्हा हसले.

रिताला माहीत आहे, तरी लिहिते. हाताला चिकटतो म्हणून कोरडा मैदा घालत सुटू नये. आपटत राहावे, तो आपोआप सुटतो. लाटणे लावू नये. पिझ्झा भाजायला सांदवाडीतली मातीची भट्टी मी आणि रिताने बांधली. ती पाडून तिथे गाडीसाठी शेड टाकायचा ताराचंद यांचा बेत मला ठाऊक आहे. भट्टी पाडू नये.

४. माझ्या तेरवीला पिझ्झाच करावा. ताराचंद यांना पहिल्या पंगतीत बसवावे. खायचे की उठायचे ते त्यांनी ठरवावे.

५. दामिनीच्या लग्नाची पहिली कणीक तिच्या आईने, याच परातीत, मांडवात सगळ्यांसमोर भिजवावी. ज्यांना तो हात चालत नसेल त्यांनी जेवायला येऊ नये.

हे मी कोणाच्या सांगण्यावरून लिहिलेले नाही. उलट, लिहू नये म्हणून दिरांनी फार सांगून पाहिले. साक्षीला कोणी जायचे नाही असे ताराचंद यांनी गावात फिरून सांगितले होते. चक्कीवाले सुखराम तरीही आले. दुसऱ्या साक्षीदाराची जागा आज दुपारपर्यंत रिकामी होती. मग मागच्या दाराने ताराचंद यांच्या पत्नी, माझ्या धाकट्या जाऊबाई आल्या.

"बाई, सही कुठं करू?"

"घरी विचारलं का?"

"त्या दिवशी मांडवात मी गप्प बसली. आता नाही बसत."

ठिकाण: अड्याळ
दिनांक: १२ फेब्रुवारी २०२५

सही: गोदावरीबाई तुलाराम लांजेवार (हाताचा मैदा पुसून)

वरील सही आमच्या दोघांच्या देखत झाली.

साक्षीदार:
१. सुखराम हटवार
२. देवकाबाई ताराचंद लांजेवार