घरातली सोयरीक

बोरिवली,
५ ऑगस्ट २०२४

तीर्थरूप विमलताईस,
लवूचा सा. न. वि. वि.

फोनवर तू रडतेस आणि मला कमी ऐकू येतं, म्हणून लिहितो. आमसुलं पोचली. अर्धी बांधतानाच खाल्लीस ना?

निहारचा रिपोर्ट आला. पेशीत तयार झालेला माल कुठे जायचा, त्याचा पत्ता घालणारं एक प्रोटीन असतं म्हणे. निहारमध्ये ते चालतच नाही. मग कचरा साफ करणारे रस भलतीकडे वाहून जातात आणि पेशी कचऱ्यानं भरतात. म्हणून त्याची बोटं आखडली, हिरड्या सुजल्या. औषध नाही. आपला नातू अवघा अडीच वर्षांचा.

हा दोष आईबाप दोघांकडून येतो. तुझा नितेश, माझी अपूर्वा, रक्त एकच. अपूर्वाला आता चौथा महिना. पोटातल्या बाळाचीही तपासणी करायची आहे. घराण्यात पूर्वी असं मूल गेलंय का, डॉक्टरांनी विचारलं. मी नाही म्हणालो. बरोबर ना?

मायेचा हात असू दे.
तुझा,
लवू

घाटकोपर,
९ ऑगस्ट

चि. लवूस,
अनेक आशीर्वाद.

बरोबर नाही रे. तुझ्या जन्माआधी आपल्याला एक भाऊ होता, दशरथ. तिसऱ्या वर्षी गेला. त्याची बोटंही अशीच आखडलेली. मीच त्याला भरवायचे. सगळे मुडदूस म्हणाले. आपले आईबाबाही आतेमामे भावंडंच. गेलेल्या पोराचं नाव काढायचं नाही, लग्नाच्या बोलणीत तर नाहीच, ही आपल्या घरची रीत. मी ती पाळली.

भावाचीच लेक सून हवी, हा हट्ट माझा. अपूर्वा तेव्हा नको म्हणत होती, मीच तिला मनवलं. निहारची मूठ उघडेना तेव्हाच मला दशरथ आठवला होता. तरी गप्प बसले. डॉक्टरांना खरं सांग. अपूर्वाला काय सांगायचं ते तू ठरव, माझी हिंमत नाही. बाळाचं कळव.

तुम्हा सगळ्यांत जीव अडकलेली,
ताई

बोरिवली,
२ सप्टेंबर

ती. ताईस,
नमस्कार.

डॉक्टरांना दशरथचं सांगितलं. ते नुसतं लिहून घेत राहिले. पोटातल्या बाळालाही तेच निघालं. शुक्रवारी अपूर्वाला दाखल केलं, गर्भ काढला आणि सगळं संपलं. निहारचा खोकला थांबत नाही. त्याचे तरी किती दिवस, कुणी सांगत नाही.

दवाखान्यातून माझ्याकडे आल्यावर अपूर्वाने मला एकच विचारलं, आपल्या घराण्यात हे असल्याचं आत्याला ठाऊक होतं का. मी नाही म्हणालो. लेकीशी जन्मात खोटं बोललो नव्हतो, ताई. तुझ्यासाठी बोललो.

आत्या कधी येणार, असं ती रोज विचारते. तू येऊ नकोस. तुला तिच्यासमोर गप्प बसता येईल, पण मला ते बघवणार नाही.

लोभ आहेच, पण यावेळी मागू नकोस.
लवू