राखाडी चौकट

तीर्थस्वरूप मामांना भाच्याचा साष्टांग नमस्कार.

तुमची तब्येत बरी असेल असं धरूनच चालतो, कारण विचारून उत्तर येत नाही. (मागच्या दोन पत्रांचंही आलं नाही. पत्ता बरोबर आहे, मामेबहिणीला फोन करून खात्री करून घेतली.) गुडघ्यांना तेल लावता की बाटली नुसती कपाटात ठेवता? डावा डोळा काय म्हणतो? बहीण सांगत होती की सकाळचं वर्तमानपत्र लाल पेनाने तपासून झाल्याशिवाय तुम्ही ते घरात कुणाला वाचू देत नाही, आणि परवा औषधाच्या बाटलीबरोबर आलेल्या कागदातही सात चुका काढल्यात. ऐकून फार बरं वाटलं. इकडे तुमची भाचेसून ठीक आहे. मी ठीक नाही. एक्कावन्नाव्या वर्षी माणूस मामाला पत्र लिहायला बसतो म्हणजे काय अवस्था असेल ते ओळखा. आणि तेही हाताने, कारण कॉम्प्युटरवर बसलो की बोटं आपोआप भलत्या खुणा टाकायला लागतात.

छापखाना बंद झाल्यावर मी एका सॉफ्टवेअर कंपनीत लेखक म्हणून लागलो हे तुम्हाला माहीत आहे. (नसेल तर ते दुसऱ्या पत्रात होतं, पान तीन.) लेखक हा शब्द वाचून हुरळून जाऊ नका. प्रोग्रॅम कसा वापरायचा याची पुस्तिका लिहिणारा तो लेखक. आमचा प्रोग्रॅम रांग सांभाळतो. दवाखान्यात गेलात की तुमच्या नंबराची चिठ्ठी निघते, मग पडद्यावर नंबर झळकतो आणि भिंतीवरचा कर्णा सांगतो की अमुक नंबरने तमुक खोलीत जावं. कर्ण्याकडून आणखी काही वदवून घ्यायचं असेल तर स्वागतकक्षातल्या माणसाने ते कॉम्प्युटरवर टाइप करायचं. मग कर्णा ते एका शांत बाईच्या आवाजात, न अडखळता, जसंच्या तसं बोलतो. एवढं लक्षात ठेवा. माझ्या सर्वनाशात या शांत बाईचा मोठा वाटा आहे.

आता पुस्तिका लिहायची पद्धत ऐका. आपल्या छापखान्यात अक्षर ठळक हवं तर शिशाच्या ठळक खिळ्यांचा खण ओढायचा, आणि तो रिकामा निघाला तर तुम्ही ओरडायचं. इथे खण नाही, खिळे नाहीत, ओरडणंही नाही. साध्या मजकुरातच खुणा पेरायच्या, त्या खुणा एक यंत्र वाचतं, गिळून टाकतं आणि पानं बाहेर काढतं. ओळीच्या सुरुवातीला बरोबरचं एक चिन्ह दिलं तर ते पुस्तकाचं नाव, दोन दिली तर प्रकरण, तीन दिली तर उपप्रकरण. (मला वाटलं जितकी चिन्हं जास्त तितका मान मोठा. म्हणून पहिल्या आठवड्यात 'नमस्कार' या शब्दाला सहा चिन्हं लावली. छापून आल्यावर तो भिंग घेऊन शोधावा लागला.) शब्दाच्या दोन्ही अंगांना तारा चिकटवला की शब्द ठळक होतो, पण तोच तारा ओळीच्या सुरुवातीला येऊन पुढे जागा सुटली की तो यादीतला ठिपका होतो. सुरुवातीला टिंब दिलं की यंत्र आपणहून एक, दोन, तीन असे आकडे घालतं. आणि ओळीआधी दोन तिरप्या रेघा दिल्या की ती ओळ छापलीच जात नाही, ती लिहिणाऱ्याने स्वतःसाठी केलेली नोंद. ही शेवटची सोय मला इतकी आवडली की काय सांगू. वरिष्ठांना तोंडावर न सांगता येणारं सगळं मी तिथे ओतायला लागलो. (घरी वाणसामानाच्या यादीतही मी हल्ली तारे घालतो. साखरेला दोन्ही बाजूंनी घातले तर दुकानदाराने तुमच्या भाचेसुनेला विचारलं, साखर नको आहे का.)

आमच्या प्रमुखबाई एकोणतीस वर्षांच्या आहेत. इथे सगळे एकमेकांना नावाने आणि एकेरीत हाक मारतात, अगदी वरिष्ठांनासुद्धा. मी पहिल्या दिवशी 'मॅडम' म्हणालो तर त्या हसून म्हणाल्या, "तसं नका ना म्हणू." नावाने हाक मारायला माझी जीभ वळत नाही. त्यामुळे सात महिने झाले, मी त्यांना हाकच मारत नाही. समोर जाऊन उभा राहतो आणि त्या वर बघेपर्यंत खोकतो. त्यांनी दोनदा माझ्या टेबलावर खोकल्याच्या गोळ्या आणून ठेवल्या. बाई मनाने चांगल्या आहेत, हे मला फार उशिरा कळलं.

तर मामा, चूक कुठे झाली ते सांगतो. चूक तुमची आहे. सोळाव्या वर्षी मी तुमच्याकडे आलो तेव्हा पहिल्याच दिवशी तुम्ही माझ्या हातात खिळे जुळवायची लोखंडी पट्टी दिलीत आणि सांगितलंत की परिच्छेद सुरू करायचा तर आधी एक कोरा, अक्षर नसलेला खिळा. वाचणाऱ्याला श्वास घ्यायला जागा हवी. मी एकदा विसरलो तर तुम्ही अख्खं पान मोडायला लावलंत. त्यानंतर आजपर्यंत मी एकही परिच्छेद जागा सोडल्याशिवाय सुरू केलेला नाही. पुस्तिकेच्या एकशे अठरा पानांतही नाही. प्रत्येक परिच्छेदाच्या सुरुवातीला मोजून चार जागा सोडल्या, कोऱ्या खिळ्याच्या रुंदीच्या. इथे मात्र नियम उलटा आहे. परिच्छेद वेगळा दाखवायचा तर वर एक ओळ रिकामी सोडायची. सुरुवातीला जागा सोडली तर यंत्र समजतं की हा मजकूर माणसासाठी नाहीच, कॉम्प्युटरमध्ये टाइप करायचा आहे. मग ते त्याला टाइपरायटरच्या अक्षरात घेतं आणि भोवती राखाडी चौकट घालतं.

तुम्ही म्हणाल, छापलेली पानं बघितली नाहीस का? बघितली ना. पान न् पान राखाडी चौकटींनी भरलेलं होतं. मला ते आवडलं. (तुम्ही परिचयपत्रांना आणि प्रमाणपत्रांना किती सुंदर चौकटी घालायचात! मला वाटलं, चला, यांच्याकडेही कुणाला तरी दृष्टी आहे.) फक्त एक पान मी वाचलं नाही, पहिलं. ते कंपनीचं ठरलेलं पान, प्रत्येक पुस्तिकेत तेच असतं आणि जगात ते कुणी वाचत नाही. त्यावर लिहिलं आहे: राखाडी चौकटीत जे दिसेल ते जसंच्या तसं टाइप करावं.

मामा, जगात ते पान वाचणारी एक बाई निघाली. दातांच्या एका मोठ्या दवाखान्याने आमचा प्रोग्रॅम घेतला आणि तिथल्या स्वागतकक्षातल्या बाई तीस वर्षं प्रत्येक सूचना शब्दशः पाळत आलेल्या. सोमवारी सकाळी साडेनऊला त्यांनी पुस्तिका उघडली, चष्मा लावला आणि पहिल्या पानाप्रमाणे मी लिहिलेला प्रत्येक परिच्छेद कर्ण्याच्या रकान्यात टाइप करायला घेतला. बाहेर बाकांवर चाळीस माणसं गाल धरून बसलेली. कर्णा शांत आवाजात म्हणाला, "घाबरू नका. आधी जुनं सगळं मुळापासून काढून टाकलं जाईल." मग म्हणाला, "मधेच थांबवलं तर पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल." माणसं एकमेकांकडे बघायला लागली. (ही सगळी वाक्यं प्रोग्रॅमची जुनी आवृत्ती काढण्याबद्दल आहेत आणि आपापल्या जागी अगदी योग्य आहेत, हे तुम्हीही मान्य कराल.) तिसऱ्या परिच्छेदाला, "काही वेळा पहिल्या प्रयत्नात निघत नाही, अशा वेळी जोर लावावा, आवाज आला तरी दुर्लक्ष करावं," इथे निम्मे बाक रिकामे झाले. एक गृहस्थ तोंडात कापसाचा बोळा तसाच घेऊन रस्त्यावर गेले ते परत आले नाहीत. त्या बाई मात्र शेवटपर्यंत टाइप करत राहिल्या. मला त्यांच्याबद्दल आदरच वाटतो. माझं लिखाण इतक्या मनापासून आजवर कुणी वाचलं नव्हतं.

मंगळवारी चौकशी बसली. काचेच्या खोलीत सगळे जमले आणि प्रमुखबाईंनी माझं मूळ लिखाण भिंतीवर मोठं करून लावलं. छापलेलं नव्हे, मूळ, खुणांसकट. दोन तिरप्या रेघांच्या ओळी छापत नाहीत हे खरं, पण मूळ लिखाणात त्या दिसतात, आणि नुसत्या दिसत नाहीत, उठून दिसाव्यात म्हणून यंत्र त्या हिरव्या करतं. माझ्या तीनशेच्या वर निघाल्या. 'हे वाक्य दाढीवाल्या प्रोग्रॅमरने लिहिलं आहे, वाचणाऱ्याने त्याला मोठ्या मनाने क्षमा करावी.' (दाढीवाला माझ्या शेजारीच बसला होता.) 'बाईंनी आज तिसऱ्यांदा बरोबर केलेलं चूक करून पाठवलं.' 'आजचा चहा म्हणजे कप विसळलेलं पाणी.' बाई एकेक ओळ वर सरकवत होत्या आणि मी टेबलाखाली बघत होतो. एके ठिकाणी त्या थांबल्या. तिथे लिहिलं होतं: 'मामा असते तर हे पान मला परत पाठवलं असतं.'

निर्णय असा झाला की दवाखान्याला एक शेवटची संधी मागायची. दुरुस्त पुस्तिका येत्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी द्यायची आणि तीत एक जरी चूक निघाली तर दवाखाना हातचा गेला, त्यामागोमाग मीही गेलो. बाईंनी माझ्यासाठी शब्द टाकला आहे, म्हणजे मी बुडालो तर त्यांनाही ओढणार. संध्याकाळी सगळे गेल्यावर मी ती मामांची ओळ पुसायला उघडली, तर तिच्याखाली दोन तिरप्या रेघा देऊन बाईंनी लिहिलं होतं: 'मामा कोण? त्यांना दाखवा ना.' मामा, मी तिथेच रडलो. खोकल्याचं निमित्त होतंच.

छापखाना बंद करायच्या दिवशी बाइंडरसमोर आणि गिऱ्हाइकांसमोर मी जे बोललो ते माझ्या लक्षात आहे. आता हे असं जागा सोडून, खिळा खिळा लावून कोण वाचणार आहे, असं मी म्हणालो होतो. तुम्ही एक कोरा खिळा माझ्या खिशात टाकलात आणि शटर ओढलंत. मला तो टोमणा वाटला. असेलही. तो अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे आणि रोज सकाळी मी तो एकदा हातात घेतो. मी चुकलो, मामा. तुमच्या हाताखाली चौतीस वर्षं काढलेल्या माणसाने तसं बोलायला नको होतं. क्षमा करावी. या पत्राच्या बदल्यात मला काहीही नको आहे, नुसती तुमची खुशाली कळली तरी पुरे. मामेबहिणीला आशीर्वाद, डोळ्याला जपा.

आपला,
भाचा

ता. क. काहीही नको असं वर म्हटलं, पण एकशे अठरा पानांचं पार्सल कालच तुमच्या पत्त्यावर टाकलं आहे, लाल पेनांच्या जोडीसकट. टपाल कचेरीतला माणूस म्हणाला, पार्सल पत्राच्या दोन दिवस आधी पोचेल. म्हणजे तुम्ही हे वाचत असाल तेव्हा निम्मी पानं लाल करून झालेली असणार, आणि राग असला तरी ती तशीच ठेवणं तुम्हाला जमणार नाही. तेवढ्यावर मी अवलंबून आहे.

आणखी एक. निर्दोष पानांवर तुम्ही फार वेळ बसत नाही हे मला ठाऊक आहे. म्हणून तुम्ही शेवटपर्यंत वाचावं यासाठी एक चूक मी मुद्दाम पेरून ठेवली आहे. एका ठिकाणी 'सुरू करा' होतं तिथे 'बंद करा' केलं आहे.

शेवटचं. पाकीट चिकटवण्याआधी सहज ती चूक कुठे पेरली ते बघायला माझी प्रत उघडली. पुस्तिकेत 'बंद करा' त्रेसष्ट वेळा आहे. सकाळपासून तीनदा वाचलं. मला सापडत नाही. मामा, सोमवारच्या आत शोधा.